भाषक क्रमांक सात

पौडच्या बाजारपेठेतल्या अतीकच्या दुकानात उषाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "आपल्याकडे बिनतारी ध्वनिग्राहक भाड्यानं मिळेल का?"

अतीकनं त्यांचे पांढरे केस बघितले, खांद्यावरची खादीची पिशवी बघितली आणि जरा विचार करून म्हणाला, "कॉलर माईक व्हय? मिळंल की. लग्न हाय का कीर्तन?"

"भाषा आहे," उषाताई म्हणाल्या.

अतीकची साउंड सर्व्हिस वडिलांपासूनची. लग्नं, उरूस, गणपती, ग्रामसभा, सगळीकडे त्याचेच कर्णे आणि त्याचेच डबे. पण भाषेसाठी माईक मागायला आजवर कोणी आलं नव्हतं. त्यानं स्टूल पुढं केलं आणि चहा सांगितला.

उषाताईंनी पुण्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी बोलीभाषांचं काम अंगावर घेतलं. बोलींवर त्यांचा फार जीव. शुद्ध-अशुद्ध असं काही नसतं, गावचं माणूस बोलतं तीच खरी मराठी, असं त्या व्याख्यानांत सांगायच्या आणि टाळ्या पडायच्या. घरी मात्र लातूरहून आलेली सून क्षितिजा "पानी" म्हणाली की त्या हळूच "पाणी" म्हणून दुरुस्त करायच्या. अर्थात प्रेमानं.

उषाताई स्वतः मुळशीच्या. वडिलांची चार खाचरं भाताची. अकराव्या वर्षी त्यांना शिकायला मावशीकडे पुण्याला पाठवलं. शाळेच्या पहिल्याच दिवशी त्या उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, मला हितनं फळा दिसत न्हाई." सगळा वर्ग हसला. हसणाऱ्यांत बाईही होत्या. त्यानंतर सहा महिने उषाताई शाळेत तोंड उघडून बोलल्याच नाहीत. सातव्या महिन्यात बोलल्या त्या अशा, की जणू जन्म डेक्कनवरच झाला. पुढं लग्न झालं, नोकरी झाली. माहेर कुठलं असं कोणी विचारलं की त्या "मुळशीकडचं" म्हणायच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, तळ्याकाठी बंगला असणार. उषाताई तसं वाटू द्यायच्या.

दोन हजार पाच साली पुण्यातल्या एका बोली-अभ्यास केंद्रानं मुळशी तालुक्याची बोली ध्वनिमुद्रित करायचं काम त्यांच्याकडे सोपवलं. दहा माणसं शोधायची, त्यांना भरपूर बोलतं करायचं आणि त्यावर टिपणं लिहायची. कागदपत्रांत अशा माणसाला 'भाषक' म्हणत आणि प्रत्येकाला क्रमांक देत. सहा भाषक झाले होते आणि सहाही वाया गेले होते.

माण गावचे कुशाबा घ्या. गावात त्यांच्या जिभेला सगळे टरकून असत. पण समोर टेबलावर माईक ठेवला मात्र, त्यांनी टोपी सारखी केली, घसा साफ केला आणि ते म्हणाले, "माझे नाव कुशाबा. पूर्वी आम्ही शेती करत असू. आता आम्ही संगणक क्षेत्रातील तरुणांना खोल्या भाड्याने देतो." माईक बंद केला की लगेच, "झालं ना बंद? मंग आयका. त्या वरच्या खोलीतल्या पोरांनी लई डोस्कं उठावलंय." माईक पुन्हा चालू केला की पुन्हा "तरुण". गेणबा नावाच्या दुसऱ्या म्हाताऱ्यानं माईक म्हणजेच सरकार असं धरून रस्त्याची तक्रार सांगितली, तीही अर्जाच्या भाषेत. शेवटी "आपला विश्वासू" असंसुद्धा म्हणाला.

तेव्हा उषाताईंनी ठरवलं, की माईक डोळ्यांसमोर असता कामा नये. माणसाच्या अंगावर लावून द्यावा आणि त्याला त्याच्या कामाला लागू द्यावं. घटकाभरात तो माईक विसरेल.

अतीकनं काउंटरवर पेटी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून दाखवली. "ही डबी म्हंजी ट्रान्समीटर. ही कमरेला खोचायची. आत चौकोनी बॅटरी, दर खेपेला कोरी घालायची. जुनी घातली की निम्म्यात आवाज फाटतो. ही खाली लोंबती वायर म्हंजी एरियल. दिसाया बरी न्हाई म्हनून लोकं गुंडाळून आत कोंबत्यात, आन मंग मला म्हनत्यात आवाज का जातोय. ती सरळ सोडायची. माईक हनुवटीच्या खाली एक वीत. मंगळसूत्र बाजूला, न्हाईतर कानात गारा पडल्यावानी वाजतं. आन ह्यो रिसीव्हर, ह्यो माझ्यापाशी. दोन्हीवर चॅनल एकच पायजे. मागं एका तिथीला शेजारच्या मांडवातबी ह्योच चॅनल निघाला. हिकडच्या भटजींची मंगलाष्टकं तिकडच्या नवरीला लागली."

उषाताईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. त्यातल्या "लोंबती"खाली त्यांनी रेघही मारली.

सातवी भाषक त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. ताम्हिणीच्या एका वळणावर रजनीचा ढाबा होता. रजनी पन्नाशीची, आडव्या बांध्याची, आणि तिचा आवाज दोन वळणं अलीकडे ऐकू यायचा. कोकणातून येणाऱ्या ट्रकवाल्यांना ती जे काही सुनवायची ते ऐकत उषाताईंनी एकदा भजी खाता खाता, भज्यांच्याच कागदावर, अकरा क्रियारूपं टिपून घेतली होती.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दोघं अतीकच्या ओम्नीतून ताम्हिणीला पोचले. ढाब्याला तिन्ही बाजूंनी पत्रे होते. पत्र्याच्या आड रिसीव्हर ठेवला की आवाज तुटतो म्हणून अतीकनं गाडी रस्त्यापलीकडे उभी केली. तिथून ढाब्याची उघडी बाजू समोर दिसत होती. त्यानं रिसीव्हर टपावर ठेवला, त्याची तार केंद्राच्या रेकॉर्डरला जोडली आणि कानांवर हेडफोन चढवले.

रजनी मात्र डबीला हात लावेना. "ह्येच्यात करंट येतो का?"

"अहो, काही होत नाही. हे बघा, मी लावून दाखवते," म्हणत उषाताईंनी डबी आपल्या कमरेला खोचली, वायर सरळ खाली सोडली आणि माईक पदराला लावला, हनुवटीपासून बरोबर एक वीत.

रस्त्यापलीकडून अतीक ओरडला, "मॅडम, बोला कायतरी! लेव्हल घेतो!" त्या रेकॉर्डरवर रेकॉर्डचं बटण दाबल्याशिवाय आवाजाची पट्टीच हलत नसे. त्यानं ते दाबलं.

"एक, दोन, तीन, चार," उषाताई स्वच्छ म्हणाल्या. "ही ध्वनिमुद्रणाची चाचणी आहे."

आणि वळून बघतात तो काय, बाकावर ठेवलेली त्यांची फाइल उघडी, आणि रजनीची पांढरी शेळी त्यातलं चौथं पान शांतपणे चघळतेय. प्रश्नावली, टिपणं, उच्चारांचे तक्ते, सगळं त्या एका फाइलीत. दुसरी प्रत नव्हती.

"आगं ए भवाने!" उषाताईंच्या तोंडून निघालं. "सोड! सोड म्हन्ते न्हवं! मुडदा बशिवला तुजा, सा म्हयन्याचं काम खाल्लंस की गं! आरं हुबं ऱ्हाऊन काय बघताय, धरा की कुनीतरी तिला! हिकडं ये! हिकडं ये, तुजं कालवनच करती बग आज!"

शेळी पळाली. पदर खोचून उषाताई मागं. ढाब्याला दोन फेऱ्या झाल्या. शेवटी शेळीला कागदाचा कंटाळा आला असावा, तिनं उरलेली फाइल टाकून दिली आणि ती करवंदीच्या जाळीकडे निघून गेली.

रजनी उलथणं हातात धरून उभी होती. तिला शेळीचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिनं विचारलं, "बाई, कुन्या गावच्या वो तुमी?"

उषाताईंना धाप लागली होती. कोथरूड म्हणता आलं असतं. पण त्यासाठी आधी श्वास जागेवर यायला हवा होता, आणि तोवर दुसरंच बाहेर पडून गेलं. "मुळशीची हाय म्या."

"आगं बया! मंग आजवर चोरावानी का बोलत हुता?"

उषाताई बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. रजनीनं तव्यावर भाकरी टाकली आणि मग दोघींचं जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. खाचरातली किरवी, म्हणजे खेकडे, धरताना बोट कसं वाचवायचं, कोणत्या उन्हाळ्यात तळ्यात बुडालेली जुनी देवळं उघडी पडली होती, बा खांद्यावर बसवून ओढ्यातून कसा न्यायचा. उषाताईंना स्वतःलाच ठाऊक नव्हतं की एवढं सगळं आत शाबूत आहे. बोलता बोलता त्या एका जागी आल्या आणि त्यांचा आवाज खाली गेला.

"म्या पुन्याला निगाली तवा आय म्हनली, तितं गेल्याव आपल्यावानी बोलू नगंस, लोकं हसत्यात. मंग म्या शिकली. सुट्टीला घरी आली आन आयला म्हनली, 'आई, मला पाणी दे.' आसं. तिनं दिलं. पर त्या दिसापास्नं ती माज्यासंगं बोलायला लाजाया लागली. तांब्या ठिवायची आन बाजूला व्हायची. म्या परकी बाई आसल्यावानी."

 रजनीनं भाकरी पिठल्यासह त्यांच्यापुढं सरकवली. "खावा."

खाऊन झाल्यावर उषाताई पुन्हा उषाताई झाल्या. त्यांनी डबी काढून रजनीच्या कमरेला खोचली, अतीकला हात केला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही तुमचं काम करा आणि मघासारखंच बोला."

रजनीनं अंबाड्यावरून हात फिरवला, तव्याकडे तोंड केलं आणि दूरदर्शनवरच्या बातम्या द्याव्यात तशी सुरुवात केली. "नमस्कार. मी रजनी. आमच्या येथे पिठले, भाकरी व कांदा भजी मिळतील."

"अहो, मघाशी आपण बोलत होतो तसं!"

"मगाशी गप्पा हुत्या. ह्ये रेकाडिंग हाय ना? मंग नीट नगं का बोलाया?" असं म्हणून ती वीस मिनिटं नीट बोलली. एकाही ट्रकवाल्याला तिनं शिवी दिली नाही. "कृपया थांबा," असं म्हणाली. ट्रकवाले घाबरून लवकर उठले.

परतताना उषाताई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मॅडम, आज एक नंबर आलंय," अतीक म्हणाला.

"आलंय ते पाठवून द्या केंद्रात," त्या म्हणाल्या. हेडफोन लावून ऐकायचीही त्यांना इच्छा झाली नाही. अतीकला तसंही केबल आणायला पुण्यात जायचं होतं. त्यानं सीडी केली, वर 'सात, ताम्हिणी, ढाबा' असं लिहिलं आणि केंद्राच्या खिडकीत नेऊन दिली.

तीन आठवड्यांनी केंद्राचे प्रमुख डॉ. कौस्तुभ यांचा फोन आला. कौस्तुभ पस्तिशीचे, ध्वनिशास्त्र परदेशात शिकून आलेले, आणि सहसा कौतुक न करणारे. आज त्यांचा आवाज चढलेला होता. "मॅडम, ताबडतोब या. सातव्या क्रमांकानं कमाल केलीय."

पिठले, भाकरी व कांदा भजीत कमाल ती काय, हे उषाताईंना कळेना. त्या गेल्या. कौस्तुभनी त्यांना खुर्चीवर बसवलं, कानांवर हेडफोन ठेवले आणि बटण दाबलं.

एक बाई शेळीला शिव्या देत होती. उषाताईंना पहिल्यांदा वाटलं, ही आई. बावीस वर्षांपूर्वी गेलेली आई. तिला कोणी कधी मुद्रित केलं?  आवाज तोच, दम लागल्यावर शब्द तोडायची लकब तीच. दुसरी एक बाई लांब कुठंतरी पुटपुटत होती, ती काय म्हणते ते लागत नव्हतं. पण ही अगदी कानापाशी, श्वासासकट. मग "तांब्या ठिवायची आन बाजूला व्हायची" आलं, आणि ही आई नव्हे हे त्यांना कळलं.

"निखळ!" कौस्तुभ म्हणाले. "गेल्या दहा वर्षांत असा नमुना मी ऐकला नाही. या बाई जन्मात गाव सोडून गेलेल्या नाहीत, मी खात्रीनं सांगतो. शाळेचं तोंडही बघितलेलं नसणार."

"पण त्या तर सांगताहेत की पुण्याला शिकायला गेल्या," उषाताई कशाबशा म्हणाल्या.

"मजकुरावर जाऊ नका, मॅडम. कल्पक असतात ही माणसं. ध्वनी खोटं बोलत नाहीत." त्यांनी छापील अर्ज पुढं ओढला. "नाव काय यांचं?"

हीच ती वेळ होती. उषाताईंच्या डोळ्यांसमोर वर्ग उभा राहिला, बाकांवरची सगळी तोंडं आणि टेबलाशी हसणाऱ्या बाई. "रजनी," त्या म्हणाल्या.

बाहेर पडल्या पडल्या त्यांनी अतीकला फोन लावला आणि हे असं कसं केलंस म्हणून विचारलं. अतीकला राग कशाचा तेच समजेना. "मॅडम, तुमाला गावची भाषा पायजे हुती ना? ती तुमीच बोललाय. त्या ताई बोलल्या त्या बातम्या हुत्या, त्या म्या कापून टाकल्या, आन तुमची एक-दोन-तीनबी."

उषाताईंनी फोन ठेवून दिला.

चार दिवस त्यांनी काढले. पाचव्या दिवशी त्या केंद्रात जाऊन कौस्तुभसमोर बसल्या आणि त्यांनी एका दमात सांगितलं, "सातवा क्रमांक मी आहे."

कौस्तुभ आधी हसले. मग शास्त्राचा माणूस म्हणून गंभीर झाले. "पडताळून बघू," म्हणाले. स्पंजानं मढवलेल्या खोलीत त्यांनी उषाताईंना बसवलं, पदराला माईक लावला आणि काचेपलीकडून खूण केली. "बोला. अगदी सहज."

उषाताई बोलल्या. "म्या मुळशीची हाय. माजी आय..." आणि त्यांनाच ऐकू आलं की शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी शेतकरणीचं काम करावं तसं ते येतंय. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. शेळी आठवून बघितली. शिव्या दिल्या, त्याही प्रश्नावलीतून वाचल्यासारख्या झाल्या. कुशाबांवर त्या मनातल्या मनात किती चिडल्या होत्या, ते त्यांना या क्षणी आठवलं आणि लाज वाटली.

कौस्तुभनी दोन्ही ध्वनिमुद्रणं संगणकाच्या पडद्यावर खाली-वर लावली. "हे बघा. हा त्यांचा 'न' आणि हा तुमचा. तुमचा 'न' म्हणजे 'ण' येऊ नये म्हणून जपून काढलेला 'न' आहे. आणि 'हाय'वर जोर पडतोय. नक्कल तुम्ही फार सुरेख करता, मॅडम, पण कान तयार असला की फरक कळतो."

"साउंडवाल्याला विचारा. तो तिथंच होता."

"साउंडवाल्याला यातलं काय कळणार?" कौस्तुभ मऊपणानं म्हणाले. "मला कळतंय तुमच्या मनात काय आहे ते. त्या बाईंना एवढ्या लांब यायला लागू नये, लोकांसमोर अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून तुम्ही हे करताय. पण निमंत्रणपत्रिका छापून आल्यात. सत्कार तुमच्याच हस्ते ठेवलाय."

उषाताईंनी पत्रिका वाचली. 'भाषक क्रमांक सात, श्रीमती रजनी, ताम्हिणी.' त्यांनी ती पिशवीत ठेवली आणि त्या उठल्या. आपण खरं सांगितलं, आता आपली काही जबाबदारी नाही, असं जिना उतरताना त्यांनी स्वतःला दोनदा समजावलं. खालपर्यंत पोचल्या तरी पटलं नव्हतं.

सत्काराला चाळीसेक माणसं होती. रजनी नवंकोरं लुगडं-चोळी नेसून, एसटीनं वेळेआधी तासभर येऊन बसली होती. ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं. शेळीच्या जागी सभागृह खळखळून हसलं, तांब्याच्या जागी शांत झालं. रजनी मान खाली घालून ऐकत होती. उषाताई पहिल्या रांगेत, हात मांडीवर घट्ट धरून. नंतर त्यांनी उठून रजनीच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला. त्या एवढ्या जवळ असताना रजनीनं त्यांच्याकडे नीट बघितलं, पण बोलली काही नाही.

माईकसमोर मात्र बोलली. "या सत्काराबद्दल मी आपणा सर्वांची आभारी आहे. बोलीभाषा जपली पाहिजे, असे मला वाटते."

टाळ्या झाल्या. कौस्तुभ उषाताईंकडे झुकून हळहळले, "बघितलंत? शहरात येऊन दोन तास झाले नाहीत, तोवर प्रमाणभाषेचा केवढा दाब येतो यांच्यावर."

कार्यक्रम संपल्यावर उषाताई रजनीला बसथांब्यापर्यंत पोचवायला गेल्या. ऊन कलतं झालं होतं. रजनीला शालीत उकडत होतं, तरी तिनं ती काढली नव्हती. थांब्यावर गर्दी होती, म्हणून दोघी जरा बाजूला उभ्या राहिल्या.

"रजनी, तो आवाज तुमचा नव्हता," उषाताई म्हणाल्या.

"ठावं हाय की. म्या काय भैरी हाय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी तरी कुटं बोलला?" रजनीनं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुमी शाल घ्येत न्हवता, म्हून म्या घ्येतली. त्यांनी ती कुनाच्या तरी अंगाव घालायचीच हुती. जाऊ द्या. ब्येस हाय, ऊबदार हाय. घाटात उपेगाला यील."

"मी सांगितलं होतं त्यांना. त्यांनी ऐकलं नाही."

"आसं व्हय," रजनी म्हणाली. तिला ते पटलं की नाही, हे तिच्या तोंडावरून कळलं नाही.

एसटी आली ती भरलेली. रजनीनं शाल खांद्यावर आवळली आणि दारातल्या माणसाला असा काही आवाज दिला की अख्खी गाडी पुढं सरकली. "ए दादा, हल की म्होरं! खांबावानी हुबा ऱ्हायलाय! पाय हायेत का मुळं फुटली?" दारातला माणूस हलला, शिवाय त्याच्या मागचे तिघंही हलले. केंद्रातलं कोणी तिथं असतं तर त्याला वहीच काढावी लागली असती. रजनी चढली, खिडकीशी तिला जागाही मिळाली. तिनं नारळासकट हात बाहेर काढून हलवला. बस चांदणी चौकाच्या दिशेनं निघून गेली.

केंद्रातला अर्ज आजही तसाच आहे. नाव रजनी, शिक्षण नाही, गावाबाहेर वास्तव्य नाही, संकलक म्हणून उषाताईंची सही. अतीकनं पुढं उरलेल्या तिन्ही भाषकांना माईक लावून दिला आणि दहाचा आकडा पुरा झाला. सातव्यासारखं त्यात काही नव्हतं.

दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासायला म्हणून उषाताईंकडे आला. त्यात एक संपूर्ण प्रकरण भाषक क्रमांक सातवर होतं. लेखन नेटकं होतं, फक्त दोन ठिकाणी ऐकण्यात चूक झाली होती. "बाजूला व्हायची" असं होतं, तिथं तिनं "बाजूला रहायची" लिहिलं होतं. आणि "म्हन्ते न्हवं"चा तिनं नकार केला होता. उषाताईंनी दोन्हीकडे पेन्सिलीनं दुरुस्ती केली. विद्यार्थिनीनं नम्रपणे पत्र लिहून विचारलं, की ध्वनिमुद्रणात त्या जागा अस्पष्ट आहेत, तर मॅडमना इतकी खात्री कशावरून?

"अनुभवावरून," उषाताईंनी कळवलं.

तिचं आभाराचं उत्तर आलं. दुरुस्त्यांबद्दल ती ऋणी होती, पण मूळ पाठ डॉ. कौस्तुभ यांनी स्वतः ऐकून प्रमाणित केलेला असल्यामुळे तोच कायम ठेवत असल्याचं तिनं लिहिलं होतं. उषाताईंनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि प्रबंधाला मान्यता देऊन टाकली.